पुकारलेलं आणि दिलेलं

मंदाताई वकील आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हा तिने घरमालकाला पहिला प्रश्न विचारला तो असा, "आधीचे भाडेकरू का गेले?" घरमालक म्हणाला, त्यांची बदली झाली. ही म्हणाली, "कुठे झाली?" तो म्हणाला, बडोद्याला. मग ही शेजारी माझ्याकडे आली आणि विचारलं, "आधीचे भाडेकरू कुठे गेले हो?" मी म्हटलं, बडोद्याला. तेव्हा कुठे तिने सामान टेम्पोतून उतरवू दिलं.

ती वयाने माझ्याहून लहान आणि शिक्षणाने कितीतरी मोठी. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायची, तीही मला "अक्का, तुम्ही" म्हणायची. पण लिहायला बसले की आपली "ती"च येते. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच आहे, शाळा मी चौथीपर्यंतसुद्धा धड पाहिलेली नाही. वाचायला शिकले ते मशीनवर कापड पुरवता पुरवता, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदांवरून. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज-परकरवाली नाही, स्टेजवाली. सुरतेत आमचे खान्देशी लोक किती आहेत ते सांगायला नको, पांडेसऱ्यापासून डिंडोलीपर्यंत सगळी आपलीच माणसं. त्यांच्या हळदीला ऑर्केस्ट्रा लागतो, गणपतीत नाच लागतो, आता फोनवर गाण्यांचे व्हिडिओ निघतात त्याला रंगीत कपडे लागतात. शिवाय नवरात्रीला गुजराती गरबेवाले. टिकल्या, आरसे, झालर, सगळं माझ्याकडे. त्यामुळे गाणारे, नाचणारे, वाजवणारे सगळे माझ्या दारात बसून गेलेले. आणि मंदाताई नेमकी त्याच लोकांचे घटस्फोट चालवायची.

असं का, म्हणून मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दुसऱ्या वकिलांना पगाराची स्लिप लागते अक्का. मिलवाल्याचा पगार कागदावर असतो, कलाकाराचा अंगावर असतो. तो वाचता यावा लागतो."

आणि ती वाचायची. कुणाच्याही घरी गेली तर आत पाऊल टाकायच्या आधी दाराबाहेरच्या चपला बघायची. घरात कितीजण आहेत, पाहुणा कोण, नवी चप्पल कुणाची, सगळा हिशोब उंबऱ्याबाहेरच व्हायचा. दूधवाला एक दिवस वैतागून तिला म्हणाला, "बेन, तमे पोलीस छो?" तिने शांतपणे विचारलं, "असं तू कधी विचारतोस? पाणी घातल्यावर?" तो हसत सुटला, पण दुसऱ्या दिवसापासून दूध बरं यायला लागलं असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण तिच्या संगतीत राहून मलाही कशाचीच खात्री देता येईनाशी झाली.

एकदा मी तिला शेवभाजी पाठवली. वाटी परत आली ती धुऊन, पुसून, आणि हिच्यासकट. म्हणाली, "अक्का, या वाटीवर सुमन दगडू असं नाव कोरलंय. ही तुमची नाही." मी म्हटलं, अहो, सुमन माझी नणंद, कधी डबा आला असेल. "परत का नाही गेली?" मी म्हटलं, माझी पण तिच्याकडे एक आहे. "तिच्याकडची मोठी की ही मोठी?" आता काय बोलायचं. मी डोक्यात आठवायला लागले तर खरंच माझी तिच्याकडे गेलेली मोठी होती, खोलगट, लग्नातली. त्या दिवसापासून सुमन दिसली की मला ती वाटी दिसायची. असा रोग होता मंदाताईचा, लागट.

माणसांबद्दल तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "ऐकलं ते वाऱ्याचं, पाहिलं ते अर्ध्याचं." आणि दुसरं, "समोरच्यावर संशय घ्यायला अक्कल लागत नाही. आपल्या पक्षकारावर घ्यायला लागते." आणि ती घ्यायची. एक नाचणारी पोर तिच्याकडे आलेली, म्हणाली नवऱ्याने अंगावर गुंजभर सोनं घातलं नाही. मंदाताईने तिच्या कानांकडे पाहिलं. कानाची भोकं खाली ओढलेली. म्हणाली, "हे जड झुमके घालणारीचे कान आहेत. खरे झुमके, स्टेजवरचे पितळी नाहीत. कुठे ठेवलेत?" पोरगी रडायला लागली. ही म्हणाली, "रडू नको. खोटं बोलायचंच तर माझ्याशी नको, त्याने तुझंच नुकसान." झुमके आईकडे होते. ते तिने यादीत टाकायला लावले, आणि मगच केस घेतली.

माझ्याकडे ती चहाला यायची. संध्याकाळी, मशीन बंद झाल्यावर. मला वाटायचं, एकटी बाई आहे, तिला सोबत हवी. मग एकदा तिने चहा पिता पिता विचारलं, "तो गरबेवाला नाही का, उधन्याचा, त्याचे केडियुं, ते गरब्याचे घेरदार अंगरखे, तुम्हीच शिवले ना यंदा?" मी कौतुकाने सांगितलं, हो तर, नऊ शिवले, नऊ रात्री नऊ रंगांचे, एकेकावर आरसे बघा कसे. ती म्हणाली, "कोर्टात म्हणतोय, यंदा नवरात्रीला काम नव्हतं."

तो गरबेवाला परत माझ्याकडे आला नाही. समोरच्या सोसायटीतल्या शिंप्याकडे जायला लागला. मी मंदाताईला सरळ विचारलं, "तुम्ही माझ्याकडे चहाला येता की साक्षीला?"

ती म्हणाली, "दोन्हीला. चहा चांगला असतो तुमचा."

मला राग आला का? आला. पण चहाचं आधण मी दुसऱ्या दिवशीही दोघींचंच ठेवलं. तिच्या स्वतःच्या घरादाराचं मात्र कधी कळलं नाही. लग्न झालेलं, मोडलं, झालंच नाही, गल्लीत तिन्ही गोष्टी सांगितल्या जायच्या. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कुणाच्या बाजूने विचारताय?"

आता मुख्य गोष्ट सांगते, वैशालीची.

वैशाली म्हणजे आमच्या इंदूबाईची पोर. इंदूबाई साडीवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणते, माझ्याकडेही मदतीला यायची. पोरीचा गळा लहानपणापासून असा, की भांडी घासताना गायली तरी गल्ली थांबायची. किरण नावाच्या पोराने तिला भजनात गाताना ऐकलं. तो कीबोर्ड वाजवायचा, गाणी बांधायचा, आपल्या अहिराणीत. लग्न झालं आणि दोघांचं चाललं. हळदीचे कार्यक्रम, फोनवरची गाणी. तिचं गाणं आणि त्याचं निवेदन. माणूस वाईट नव्हता बरं का किरण. पेटीवर त्याची बोटं चालायची ना, तेव्हा त्याच्या तोंडावर लहान पोरासारखं काहीतरी यायचं. पण नाव झालं तसं घरात मारहाण सुरू झाली, दुसऱ्या एका नाचणारीचं प्रकरण झालं, आणि वैशाली एक दिवस आपल्या मुलीला घेऊन इंदूबाईच्या एका खोलीत आली.

डिंडोलीला त्यांचं घर होतं. पुढे छोटं अंगण, वर एक खोली. तेवढंच. वैशालीला दुसरं काही नको होतं. चॅनल त्याचं, गाणी त्याची, ठेव म्हणाली. पण पोरीला घेऊन राहायला ते घर हवं. आणि घर होतं किरणच्या आईच्या नावावर, हप्ते मात्र गेलेले हळदीच्या पैशातून. किरण म्हणायचा, गावची जमीन विकून आईने घेतलं, गाण्यातून काय मिळतं, पेट्रोल सुटत नाही. वर हेही म्हणायचा, की बक्षिसाचे जे चार पैसे यायचे ते वैशालीच घ्यायची.

इंदूबाई माझ्यापाशी डोळे पुसत म्हणाली, "अक्का, मनी पोर गळा सुके तवपर्यंत गायनी, आनी हाऊ म्हनस काही कमाई नही." मी तिला मंदाताईकडे नेलं.

मंदाताईने सगळं ऐकलं, वैशालीला चार आडवेतिडवे प्रश्न विचारले, आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "अक्का, हळदीत पैसे कसे देतात ते मला सांगा. मी लग्नांना जात नाही."

हे बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आमच्या हळदीला स्टेज बांधतात. गाणं चालू असतं, लोक नाचत असतात. मामा, काका, नवरदेवाचे मित्र असे एकेक जण चिठ्ठीत नोट घालून निवेदकाकडे देतात. मग तो गाणं थांबवून माइकवर पुकारतो, अमुक गावचे अमुक, यांच्याकडून अमुक रुपये बक्षीस. टाळ्या पडतात. ज्याचं नाव पुकारलं तो मान खाली घालून हसतो, जणू काही त्याला नकोच होतं. कितीतरी जण तर त्या पुकाऱ्यासाठीच हळदीला जातात. आणि शूटिंगवाला ते सगळं कॅमेऱ्यात घेतो.

"शूटिंग घेतात?" मंदाताईने कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. ज्या घरांच्या हळदीत वैशाली गायलेली त्या घरांची नावं मीच दिली, कारण त्या त्या हळदीचे कपडे मी शिवलेले. लोक आनंदाने व्हिडिओ द्यायचे. आमच्या लग्नाची सीडी वकीलबाई मागतेय, त्यात आमच्या आबांचा पुकारा आहे, बघा बघा. कुणाला वाटलं नाही कशाला हवीय. मंदाताई इअरफोन कानाला लावून बसायची आणि किरणच्या तोंडून आकडे ऐकायची. पाचशे एक. अकराशे. एकवीसशे. सगळ्यात जास्त वेळा यायचं ते वैशालीच्या सख्ख्या मामाचं नाव. पांडेसऱ्याचे रघुनाथमामा, यांच्याकडून एकवीसशे रुपये.

मला तिथे राहवेना. कारण एक गोष्ट तिला माहीत नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. आमच्याकडे पुकारतात ते सगळं देतात असं नाही. चिठ्ठीत शंभराची नोट घालायची आणि वर लिहायचं, एक हजार एक पुकारा. निवेदक तेवढं पुकारतो, त्याचं काय जातं. आमचे हे होते तेव्हा त्यांनीही केलेलं आहे, मला माहीत आहे. गंमत अशी की प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच असं करतो, बाकीचे खरे देतात. सगळ्यांचं एकच गुपित, म्हणून कुणीच तोंड उघडत नाही.

मी चहात साखर हलवत, तिच्याकडे न बघता म्हटलं, "ताई, पुकारलेलं सगळं खरं नसतं हो."

ती म्हणाली, "हे मला माहीत नाही, आणि तुम्ही सांगितलं नाही."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. म्हणजे हिला आधीच माहीत होतं का? माहीत असून ही खोट्या आकड्यांवर घर मागणार का? आणि उद्या ते फुटलं तर वैशालीचं काय?

कोर्टाने दोघांना सांगितलेलं, की बसून अटी ठरवा आणि लिहून आणा. आमच्यात असं बसायचं तर समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलमध्ये, बसतात, चार जुन्या माणसांसमोर. बैठक रविवारी ठरली. त्याच्या आदल्या दिवशी रघुनाथमामा माझ्याकडे आला. मामा म्हणजे पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये मुकादम, अंगाने धिप्पाड, पांढरी टोपी, हाताची बोटं कायम निळी-जांभळी. वैशालीच्या बापामागे त्यानेच तिला वाढवलं, कन्यादानही त्यानेच केलं. तो माझ्या पायपुसण्यावर उभा राहून म्हणाला, "अक्का, वकीलबाईने मला पुढे बसायला सांगितलंय. मी एकवीसशे म्हणू की... जे होतं ते म्हणू?"

मी विचारलं, "काय होतं?"

तो टोपी काढून हातात फिरवायला लागला. "पगार कुठे इतका असतो अक्का. पण आपल्या पोरीचं गाणं, आपण मामा. लोक काय म्हणतील, मामाने शंभर दिले."

"तू वकीलबाईला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, खरं असेल ते सांगा, मी तुमच्या मागे उभी आहे."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बाई सरळ आहे. आपणच उगाच संशय घेतला.

रविवारी वाडीत सतरंज्या घातलेल्या. मध्ये वसंतअप्पा, समाजातले सगळ्यात जुने पंच. एका बाजूला किरण, त्याचा वकील, चार नातेवाईक. दुसऱ्या बाजूला वैशाली, इंदूबाई, मी. आणि मंदाताईने मामाला सगळ्यांच्या पुढे, अप्पांच्या अगदी समोर बसवलं. मी तेव्हाच मनात म्हटलं, इतकं पुढे कशाला.

मंदाताईने लॅपटॉप उघडला आणि व्हिडिओ लावला. किरणचाच आवाज. पांडेसऱ्याचे रघुनाथमामा, यांच्याकडून एकवीसशे रुपये. दुसरा व्हिडिओ. पुन्हा मामा. तिसरा. मग दुसऱ्यांचे. ती काही बोलली नाही, नुसते लावत गेली.

किरण हसायला लागला. "वकीलबाई, तुम्ही आमच्यातल्या नाहीत वाटतं. पुकारे कधी खरे असतात का?"

अप्पा पंख्याकडे बघायला लागले. त्यांचंही नाव एका व्हिडिओत येऊन गेलेलं.

मंदाताई म्हणाली, "म्हणजे मामांनी एकवीसशे दिले नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"शंभर द्यायचे. विचारा त्यांनाच."

अप्पांनी विचारलं, "रघुनाथ, खरं काय?"

मामाने मंदाताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, किरणकडे बघत होती. मामा खाली बघून म्हणाला, "शंभर."

मागून कुणीतरी खुसखुसलं. इंदूबाईने पदर तोंडाला लावला. मंदाताईने मामाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. किरणला म्हणाली, "बाकीच्यांचं तुम्ही अंदाजाने बोलताय. मामा गरीब म्हणून शंभर. ते साडीवाले भाऊसाहेब आहेत, त्यांचेही अकराशे खोटे?"

"अंदाज कसला?" किरण आता रंगात आला. "भाऊसाहेबांचे दोनशे. पोपटरावांचे पन्नास, तेही फाटकी नोट. अप्पांचे..." अप्पा खोकले. "अप्पांचं जाऊ द्या. पण बिल्डरशेठ पाच हजार पुकारायला लावायचे आणि पाच हजारच द्यायचे, ते एकच खरे. चिठ्ठी माझ्या हातात यायची बाई. नोट मी काढायचो. मला एकेकाचं पाठ आहे."

"कुठल्याही हळदीचं?"

"कुठल्याही."

तिने व्हिडिओ लावायचा, त्याने खरा आकडा सांगायचा. माणूस कलावंत, समोर ऐकणारे बसलेले, त्याला थांबता येईना. कुणाच्या नावाला लोक हसायला लागले की त्याला आणखी चढायचं. त्याच्या वकिलाने दोनदा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, याने तो बाजूला केला. शेवटी वकिलाने चष्मा काढला आणि डोळे चोळत बसला.

मग मंदाताई म्हणाली, "अप्पा, ऐकलंत. बक्षीस वैशाली घ्यायची, असं हे लिहून देतात. आता म्हणतात, प्रत्येक नोट मी काढायचो. आणि पेट्रोल सुटत नाही म्हणतात, ते सगळे खोटे पुकारे वजा करून जे उरलं ते यांच्याच तोंडून ऐकलंत. एवढ्या लग्नांचं मिळून त्या घराचे हप्ते सुटतात की नाही, तुम्हीच सांगा. कोर्टात मी यांना हेच परत म्हणायला लावीन."

किरणची आई कोपऱ्यात बसलेली, ती म्हणाली, "अरे, कुठली जमीन आणि कुठलं काय. दे तिला घर. पोरगी तुझीच आहे ना." अशा गोष्टी शेवटी कुणीतरी आईच बोलून मोकळी करते.

घर वैशालीला मिळालं. कागद झाले, कोर्टात सह्या झाल्या.

वाडीतून निघताना मी मंदाताईला पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, "तुम्ही मामाला मुद्दाम पुढे बसवलं."

"हो."

"तो शंभर म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं."

"तो खरं बोलल्याशिवाय किरणला जोर आला नसता."

"मग त्याला सांगायचं तरी होतं, कशासाठी बसवताय ते."

"सांगितलं असतं तर आला असता का?" असं म्हणून ती रिक्षा थांबवायला गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. घर मिळालं याचा आनंद होता, पण मनात एक खडा बसला. मामासारख्या माणसाला जिने असं खर्चून टाकलं, ती उद्या मला कशासाठी पुढे बसवेल?

आणि मामाचं खरंच वाईट झालं. बैठकीत दहा जणांची नावं उघडी पडली होती, पण लोकांनी धरलं ते मामाला, कारण बाकीच्यांचं किरणने सांगितलं, मामाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. खरं बोलणाराच सापडतो. मिलच्या फाटकावर पोरं "या शंभरमामा" म्हणायला लागली. चहावाला सुट्टे देताना विचारायचा, मामा, किती पुकारू? मामाने लग्नांना जाणं सोडलं. इंदूबाईकडे येणंही सोडलं. इंदूबाई म्हणायची, "घर मिळनं, पन मना भाऊनी मान खाल गयी."

वैशाली घरात राहायला गेली नाही. किल्ली हातात, आणि पोर इंदूबाईच्या खोलीतच. म्हणाली, मामाने कलश आत नेल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही. आमच्यात तो मान मामाचा. मामाकडे निरोप गेला, तो म्हणाला, बरं वाटत नाही. दुसऱ्यांदा गेला, म्हणाला, मिलमध्ये पाळी आहे. किरणचे लोक म्हणायला लागले, राहायचंच नाही तर घर कशाला उपटलं, परत मागू. वैशालीने येऊन मंदाताईला सांगितलं, "ताई, तुम्ही घर दिलंत, पण मामा गेला."

मला वाटलं आता तरी ही काही बोलेल. ती म्हणाली, "मामा असा रुसणारा नाही. किरणकडचं कुणी त्याला भेटतंय का ते बघा."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ही बाई मेलेल्या माणसाचीसुद्धा नाडी दोनदा बघेल. त्या दिवशी मी तिला चहा विचारला नाही. तीही थांबली नाही.

पण पंधरवड्यात मामा आला. वैशालीच्या दारात, धुतलेली टोपी, डोक्यावर कलश. कुणीतरी पाठीमागून शंभर म्हणालं, तर मामा वळून म्हणाला, "हो, शंभर. मी दिले, तू किती दिलेस ते सांग." वैशालीने कलशावर पाणी घातलं आणि पोरीला कडेवर घेऊन मामाच्या मागोमाग आत गेली. मंदाताई मात्र आली नव्हती. तोवर तिने खोली सोडलेली. नाशिकला बहिणीच्या मुलीकडे गेली म्हणे. मला सांगितलं नाही, निरोप घेतला नाही. घरमालक म्हणाला, जाताना तिने पाण्याच्या मीटरचा फोटो काढून नेला.

मी मामाला विचारलं, "ती तुझ्याकडे कशाला आली होती रे?" कारण मी तिला तिथे पाहिलं होतं. मामा म्हणाला, "ते तिच्या-माझ्यातलं आहे अक्का. तिलाच विचार."

आता कुठे विचारू?

मी पाहिलं ते असं. मामा कलश घेऊन यायच्या काही दिवस आधी मी पांडेसऱ्याला झालरीची लेस आणायला गेले होते. परत येताना मामाच्या चाळीसमोर टेम्पो आडवा लागलेला, आमची रिक्षा अडकली. रंगाच्या मिलची सुट्टी नुकतीच झालेली, रस्त्यावर वाफेचा आणि केमिकलचा वास. बघते तर मामाच्या ओट्यावर मामा खुर्चीत बसलेला, आणि खालच्या पायरीवर, उन्हात, मंदाताई. पिशवी मांडीवर, पाय दुमडून. येणारे-जाणारे बघत होते. ती बोलत होती, मामा दुसरीकडे तोंड करून ऐकत होता. मला एक अक्षर ऐकू येईना, हॉर्न इतके वाजत होते.

माझं मन म्हणतं, ती माफी मागायला गेली असेल. पण तिच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर मला दुसरंही मन आहे, आणि ते म्हणतं, वैशाली आत गेली नसती तर घर हातचं गेलं असतं, केस अर्धवट राहिली असती, म्हणून ती मामाला न्यायला गेली असेल. तिला साक्षीदार जसा लागला तसा कलश उचलणारा लागला. दोन्ही खरं असेल. मला ठरवता येत नाही.

मग ती उठायला लागली. तिचे गुडघे धरलेले होते, पायरीला हात टेकून अर्धी उठली आणि तशीच अडकली. मामाने खुर्चीतून वाकून आपला जांभळा हात पुढे केला. मंदाताईने त्या हाताकडे आधी नीट पाहिलं, तळव्यापासून मनगटापर्यंत. मग तो धरला. तेवढ्यात टेम्पो सरकला आणि रिक्षावाल्याने गाडी पुढे काढली.